बॅग भरायच्या आधी आइसपॅक

सोलापुरात सकाळी होटगी रोड, दुपारी सात रस्ता, रात्री अक्कलकोट रोड असं फिरून भूल देणाऱ्यांसाठी लिहितोय. लॅरिंगोस्कोप, ट्यूबा, सक्शन हे काय सांगत बसत नाही.

पहिलं ॲट्राक्युरियम, म्हणजे ट्यूब घालण्याआधी स्नायू ढिले पाडणारं औषध (रिलॅक्संट). फ्रीजमधून काढा, छोट्या थर्मासमध्ये आइसपॅक, वर रुमाल, मग अँप्यूल. रुमाल अशासाठी की बर्फाला चिकटून गोठलं तरी वाया जातं, 2 ते 8 डिग्री पाहिजे. आइसपॅक आदल्या रात्रीच फ्रीजरला टाका, सकाळी निघताना आठवून उपयोग नाही. मी मागच्या मे महिन्यात बॅग चार दिवस गाडीच्या डिकीत ठेवली, बाहेर 43, आत किती ते देवालाच माहीत. हे औषध लिव्हर-किडनीची वाट न बघता आपोआप तुटतं, हॉफमन एलिमिनेशन, म्हणून तर डायलिसिसवाल्याला आपण खुशाल देतो, पण तीच गोष्ट उन्हात अँप्यूलमध्येच सुरू होते. साध्या 25 डिग्रीला महिन्याला साधारण 5 टक्के ताकद जाते, डिकीचं तुम्हीच बघा. तर पेशंट 50 किलोचा, किलोला अर्धा मिग्रॅ, म्हणजे 25 चं अख्खं अँप्यूल दिलं, तीन मिनिटं बॅगिंग केलं (मास्क लावून बॅग दाबत श्वास दिला) आणि बघतो तर जबडा कडक भाकरीसारखा, कॉर्ड (घशातल्या स्वरपट्ट्या) हलतायत, ट्यूब टेकवली की खोकला. सर्जन हात धुऊन उभे, "काय ओ डॉक्टर, झोपला का नाही?" झोपला होता ओ, ढिला पडला नव्हता. प्रोपोफॉल वाढवलं, मास्कवर धरला, व्हेक्युरोनियम (व्हेक, दुसरं रिलॅक्संट) फोडलं, निभावलं. घाम मात्र मे महिन्याचा नव्हता.

म्हणून व्हेकची पावडर कायम बॅगेत, तिला फ्रीज लागत नाही. 10 मिग्रॅची व्हायल 10 मिलीत, किलोला 0.1 मिग्रॅ, किडनी खराब असेल तर टॉप-अप (नंतरचे डोस) जपून. रोक्युरोनियम (रोक, तिसरं रिलॅक्संट) नेत असाल तर तेही थर्मासमध्येच, पोट भरलेला पेशंट असला तर किलोला 1.2 मिग्रॅ, मिनिटभरात ट्यूब. थर्मास म्हटलं मी, बॅगेचा बाहेरचा कप्पा नाही. आइसपॅक टाकला का?

सिरिंजला लेबल भरतानाच लावा, सगळं पाण्यासारखंच दिसतं आणि जाग्या माणसाला रिलॅक्संट गेलं तर तो ओरडूसुद्धा शकत नाही.

फाईल बघा. जेंटामायसिन, अमिकासिन, मॅग्नेशियम चालू असेल तर रिलॅक्संटचा परिणाम लांबतो, प्रीएक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात बीपी वाढलेल्या) सिझेरियनला हे हमखास विसरतात. वर्षानुवर्षं फिनिटॉइन (फिटचं औषध) असेल तर उलटं, व्हेक-रोक लवकर उतरतं.

नर्व्ह स्टिम्युलेटर, सेल तपासून. नसेला चार झटके देतो, स्नायू किती हलतो (ट्विच) ते बघायचं; चौथा पहिल्यापेक्षा कमी हलला तर फेड, चौथ्या-पहिल्याचं प्रमाण म्हणजे रेशो. नुसत्या डोळ्यांनी फेड दिसेना म्हणून खूश होऊ नका, रेशो 0.4 च्या वर गेला की ते कुणालाच नीट कळत नाही आणि आपल्याला पाहिजे 0.9.

रिव्हर्सल, म्हणजे रिलॅक्संट उतरवणं: किलोला निओस्टिग्मिन 0.05 मिग्रॅ, ग्लायको (ग्लायकोपायरोलेट) 0.01 मिग्रॅ, एकही ट्विच नसताना मारू नका. सुगामाडेक्स (दुसरं उतरवणारं औषध) रोक-व्हेकला, ॲट्राक्युरियमला शून्य. नुसतं डोकं उचललं, श्वास बरा एवढ्यावर जाऊ नका, रेशो मोजून 0.9 आला की ट्यूब काढा, रिकव्हरीत सॅच्युरेशन लावून ठेवा, बास.

उरलेली अँप्यूल परत थर्मासमध्ये. वाटेत चहाला थांबलात तर थर्मास हातात घेऊन उतरा, लोक हसतील, हसू दे. घरी गेल्यावर आधी फ्रीज, मग चप्पल काढा.