उंदराचा इको: प्रोब ठेवण्याआधी गती आणि तापमान बघा

इको म्हणजे छातीवर प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण) ठेवून पडद्यावर हृदय बघण्याची सोनोग्राफी. शुद्धीत असलेल्या उंदराचे हृदय मिनिटाला ५००-६०० च्या पुढे धडधडते. भूल थोडी खोल गेली की गती ३५० वर उतरते, आकुंचन मंदावते आणि धडधाकट उंदीरही पडद्यावर हृदयरोगी दिसतो. म्हणून आधी आयसोफ्लुरेन, म्हणजे हुंगवून द्यायची भूल, नीट जमवा. ऑक्सिजनबरोबर २-३ टक्क्यांवर झोपवा, मग १ ते १.५ वर आणा. गती ४५०-५५० आणि गुदाशयातले तापमान ३७ अंश, एवढे टिकले की काम सुरू. केटामाइन-झायलाझिन या टोचायच्या भुलीने गती फार पडते, ते टाळलेलेच बरे.

गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा घालवायला एसी जोरात लावतात. त्यात लोमनाशक क्रीम पुसून ओली झालेली छाती पाच मिनिटांत गार पडते. क्रीम मिनिटभरच ठेवा, पुसून लगेच कोरडे करा आणि जेल कोमट वापरा. पावसात वीज खेळ करते, त्यामुळे गरम पाटा आणि यंत्र दोन्ही यूपीएसवर हवेत.

उंदराला ३०-४० मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो, रॅटला (मोठ्या जातीच्या उंदराला) त्याहून कमी. जेलमध्ये बुडबुडे नकोत. प्रोब छातीवर दाबूही नका, कारण दाबाने गती कोसळते आणि दोष भुलीला दिला जातो. आधी लांब अक्षाचे दृश्य घ्या. त्यात महाधमनी आणि हृदयाचे टोक एकाच पातळीत यायला हवेत. टोक कापले गेले तर डाव्या कप्प्याची पोकळी खुजी दिसते. तिथून प्रोब ९० अंश फिरवला की आडवा छेद मिळतो. दोन्ही पॅपिलरी स्नायू (झडपेच्या दोऱ्या धरणारे उंचवटे) दिसले पाहिजेत आणि पोकळी गोल हवी. लंबगोल दिसली तर छेद तिरका आहे, व्यास फुगून येईल. एम-मोडची रेषा, म्हणजे एकाच रेषेवरची भिंतींची हालचाल वेळेनुसार दाखवणारी, बरोबर मध्यातून न्या.

मोजताना श्वास घेतानाचे ठोके वगळा, त्या वेळी हृदय जागेवरून सरकते. दोन श्वासांमधले किमान तीन ठोके घेऊन सरासरी काढा. प्रसरणात ३.६ मिमी आणि आकुंचनात २.४ मिमी व्यास आला, तर (३.६ − २.४) ÷ ३.६, म्हणजे फ्रॅक्शनल शॉर्टनिंग (आकुंचनात व्यास किती टक्के घटला ते) ३३ टक्के. प्रत्येक आकड्याशेजारी गती लिहा. ती सारखी नसेल तर उंदरांच्या दोन गटांची तुलना निरर्थक. मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका.

डॉपलर रक्तप्रवाहाचा वेग दाखवतो; त्यातले ई आणि ए तरंग, म्हणजे डावा कप्पा भरतानाचे आधीचा आणि नंतरचा असे दोन प्रवाह, गती ५०० च्या वर असली की एकमेकांत मिसळतात. तेवढ्यापुरती भूल किंचित वाढवून गती ४०० च्या आसपास आणा, पण ही मापे सगळ्यांत शेवटी घ्या. मग भूल बंद करून, उंदीर स्वतःहून चालू लागेपर्यंत त्याला गरम पाट्यावरच ठेवा.