आजोबांची दुनळी आली कुठून? जुन्या बंदुकीच्या मालकांचा माग कसा काढावा

जुन्या वाड्यात दुनळी निघाली की तिच्यासोबत एक गोष्टही निघते. "महाराजांनी पणजोबांना बक्षीस दिली." ही गोष्ट सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवा, पण शोधाची सुरुवात बंदुकीपासूनच करा.

त्याआधी परवाना कोणाच्या नावावर आहे ते पाहा आणि पुढचं सगळं त्या व्यक्तीसमोरच करा. परवानाधारक वारले असतील आणि वारसाचं नाव लागलं नसेल, तर आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. "शंभर वर्षांची बंदूक, तिला कसला परवाना?" असं पुष्कळजण म्हणतात. ते चूक आहे. 1959च्या शस्त्र कायद्यातली सूट, दुरुस्त करूनही ज्यातून बार उडणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे.

आता बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं डोळ्यांनी पाहा. नळीखालचा लाकडी तुकडा आणि नळ्या जाणकाराकडून सुट्या करून घ्या. नळ्या उलट्या केल्या की मागच्या टोकाला सपाट भाग दिसेल. खरा मजकूर तिथे असतो. मऊ ब्रशने तेलाचा थेंब फिरवून पुसा, खडूची पूड चोळा आणि टॉर्च बाजूने तिरका धरा. काळ्या लोखंडात पांढरे आकडे आणि छोटे मुकुट उमटतात. 3 आणि 8, 1 आणि 7 यांत गफलत होते, म्हणून फोटो काढून मोठा करून वाचा. पॉलिश पेपर मात्र अजिबात लावू नका. घासून गेलेला शिक्का परत येत नाही.

हे शिक्के नळीच्या चाचणीचे. इंग्लंडमध्ये ही चाचणी लंडनला आणि बर्मिंगहॅमला होत असे. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह 1813च्या कायद्याने उभं राहिलं. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात 12 (नळीचं माप) आणि 'सी' असेल तर ती चाचणी 1887च्या किंवा त्यानंतरची. 'नॉट फॉर बॉल' (गोळीसाठी नाही) असेल तर 1875 ते 1887 मधली. लंबगोलात 'ईएलजी' दिसलं तर नळ्यांची चाचणी बेल्जियममधल्या लिएजची, मग वर नाव कितीही इंग्लिश असो. अशा बंदुका पुष्कळ आहेत. त्यात कमीपणा नाही, फक्त चौकशीची दिशा बदलते.

मग अनुक्रमांक शोधा. तो बहुधा चापाच्या कमानीच्या शेपटीवर असतो, शिवाय नळीखाली आणि लाकडी तुकड्याच्या लोखंडावरही. तिन्ही ठिकाणी एकच हवा. वेगळा आला तर नळ्या बदलल्या असतील, किंवा जोडीतल्या दोन बंदुकांचे भाग एकमेकींत मिसळले असतील. माझी चूक इथेच झाली. वेस्टली रिचर्ड्स या इंग्लिश बंदूक कारखान्याच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी 1875 साली घोडे आत दडवलेल्या रचनेचं पेटंट घेतलं. ती रचना वापरणारे कारखाने पेटंटच्या वापराचा वेगळा आकडा ठोकत. मी तोच अनुक्रमांक समजून इंग्लंडला पत्र पाठवलं, आणि उत्तरात भलत्याच बंदुकीची हकिगत आली. आकड्याच्या शेजारी 'पेटंट' शब्द आहे का, हे आधी बघा.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नाव आणि पत्ता असतो. लंडनच्या पर्डी या कारखान्याच्या बंदुकीवर '314½ ऑक्सफर्ड स्ट्रीट' असेल तर ती साधारण 1882च्या आधीची, कारण पुढे दुकान साऊथ ऑडली स्ट्रीटला गेलं. नाव नेहमी कारखान्याचंच असतं असं नाही. कलकत्त्याचे मँटन किंवा रोडा, मुंबईत काळा घोड्याजवळचं आर्मी अँड नेव्ही, अशी विक्रेत्यांची नावंही दिसतात. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांच्यासारख्यांच्या जुन्या वह्यांतून अनुक्रमांकावरून नोंद निघू शकते: तारीख, नळीची लांबी, गिऱ्हाइकाचं नाव. गिऱ्हाईक म्हणून दुकानदाराचंच नाव आलं तर हिरमुसू नका. बंदूक कोणत्या बंदरातून आली असेल, याचा तो पहिला धागा असतो.

दुसरं टोक आपल्या घरात असतं, आणि मला ते वह्यांपेक्षा मोलाचं वाटतं. ट्रंकेत परवान्याची जुनी पुस्तकं शोधा. प्रत्येक नूतनीकरणाचा शिक्का पाहा. काडतुसांच्या पावत्या, शेतीसंरक्षणाच्या परवान्याचे अर्जही ठेवा. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा केल्याची पावती तर हमखास उपयोगी, कारण तिच्यावर नाव, नंबर, तारीख एकत्र असते. आमच्याकडे सगळे सांगायचे की आजोबांनंतर बंदूक थेट बाबांकडे आली. 1995च्या पावतीवर नाव निघालं चुलत आजोबांचं. नंबर तोच. मग आत्याला आठवलं, बाबा नोकरीसाठी बाहेरगावी होते तेव्हा बंदूक चुलत आजोबांकडे होती.

घरातले कागद संपले की जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जुन्या नोंदवहीची चौकशी करा. संस्थानातून मिळाल्याची गोष्ट असेल तर पुराभिलेखागारात जा. करवीर संस्थानची कागदपत्रं कोल्हापूरला आहेत. तिथे शिलेखाना (शस्त्रागार), शिकारखाना, बक्षीस या शब्दांनी विचारा. जुने कागद मोडी लिपीत असतील तर वाचणारा सोबत न्या.

दस्त्यावरच्या चांदीच्या चकतीवरची आद्याक्षरं किंवा राजचिन्ह मात्र एकट्याचा पुरावा मानू नका. ते नंतरही कोरता येतं, आणि विकणाऱ्याला त्याचा फायदा असतो. कारखान्याच्या वहीत किंवा संस्थानच्या कागदात तोच अनुक्रमांक सापडला तरच नाव पक्कं धरा.

शेवटी एका वहीत सालवार मांडा: साल, मालक, पुरावा कोणता. मधली साल रिकामी राहिली तर तशीच कोरी ठेवा. आमच्या वहीत 1911 ते 1938 अजून कोरं आहे.