पोलीस नेतृत्वावर पीएच.डी. करण्यासाठी प्रवेशाची पूर्वतयारी

परदेशातील काही विद्यापीठांत पोलीस नेतृत्वासाठी व्यावसायिक डॉक्टरेट असते आणि तिथे सेवेतील अनुभवालाही वजन मिळते. सोलापुरात नोकरी सांभाळून संशोधन करू इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याचा सरळ मार्ग मात्र अर्धवेळ पीएच.डी.चा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण लागतात आणि आरक्षित प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत मिळते. गुणपत्रकावर श्रेणी असल्यास तिचे टक्केवारीत रूपांतर आधीच करून घ्यावे.

खरी कसोटी आपल्या कार्यालयाकडून घ्यायच्या ना-हरकत प्रमाणपत्राची असते. अर्धवेळ संशोधनास परवानगी आहे, कर्तव्य सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तील ठरावीक अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त केले जाईल, या तिन्ही बाबी त्यात स्पष्ट असाव्या लागतात. नुसते ‘हरकत नाही’ एवढेच लिहिलेले पत्र पुरत नाही. शहर आयुक्तालय असो वा ग्रामीण अधीक्षक कार्यालय, या प्रमाणपत्राचा अर्ज आषाढी वारीच्या बंदोबस्तात कोणी हातात घेईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायची असेल, तर निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात. सेवेतील अधिकारी नेमके तिथेच अडखळतात. मुलाखतीपूर्वी विषय नेमका करावा. ‘पोलीस नेतृत्व’ हा विषय फार मोघम आहे, पण पंढरपूरच्या वारीत कनिष्ठ अधिकारी जागेवर निर्णय कसे घेतात, हा प्रश्न अभ्यासता येण्याजोगा आहे.

प्रवेशानंतर किमान 3 वर्षे लागतात, त्यामुळे संभाव्य बदलीचा विचार अर्जापूर्वीच करावा.