कन्व्हर्टरला मागचं आठवत नसतं : जेएसएफमधल्या या चुका टाळा

जळगावात बसून जेएसएफवरची (जावासर्व्हर फेसेस, जावातून वेब पानं बनवायचं फ्रेमवर्क) जुनी जावा वेब अ‍ॅप्लिकेशन्स दुरुस्त करणं हे माझं पोट भरायचं काम. त्यामुळे एकच चूक दर सिझनला नव्या पोराच्या हातून झालेली बघतो. पोरगं स्वतःचा कन्व्हर्टर (पानावर टाकलेला मजकूर प्रोग्रामच्या किमतीत आणि परत मजकुरात बदलणारा क्लास) लिहितं, त्याला एखादी प्रॉपर्टी, म्हणजे सेटिंग, देतं, पान उघडून बघतं, आणि 'झालं सर' म्हणून चहाला जातं. सबमिट दाबायचं मात्र राहून जातं.

धुळ्याकडच्या एका जिनिंगचं कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर होतं, जेएसएफ १.२ वरचं. डेटाबेसमध्ये वजन किलोत, काट्यावरचा माणूस टाकणार क्विंटलमध्ये. मधल्या कन्व्हर्टरचं डिफॉल्ट एकक किलो, आणि पानाच्या कोडातल्या टॅगमधून त्याला 'क्विंटल' सांगितलेलं. तपासणाऱ्यानं सगळ्या नोंदी किलोच्या पानावर केल्या, म्हणून सगळं पास. पहिल्याच आठवड्यात १८.५० क्विंटल कापसाची पट्टी निघाली ९२५ रुपयांची. भाव ५,००० होता, म्हणजे यायला हवे होते ९२,५००. शेतकरी कागद घेऊन मुनीमजींसमोर उभा : "भाऊ, हाई काय शे?"

दोन दिवस सगळे हिशोबाचं सूत्र तपासत बसले. सूत्र बरोबरच होतं. सबमिटनंतर जेएसएफ सेव्ह केलेल्या स्टेटवरून, म्हणजे पानाच्या जपून ठेवलेल्या स्थितीवरून, पान परत उभं करतं. आमचा कन्व्हर्टर ना स्टेटहोल्डर होता (आपलं स्टेट स्वतः जपणारा), ना सिरियलायझेबल (जावाला जसाच्या तसा साठवता येणारा). मग फ्रेमवर्कनं फक्त क्लासचं नाव जपलं आणि रिकाम्या कन्स्ट्रक्टरनं (काहीही न सांगता नवी वस्तू बनवणाऱ्या कोडानं) नवा कोरा कन्व्हर्टर बनवला. त्याचं एकक अर्थातच किलो. वाईट म्हणजे परत दाखवतानाही तोच कोरा कन्व्हर्टर, त्यामुळे स्क्रीनवर १८.५० च दिसत होते, आणि शेजारी 'क्विंटल' हे लेबल कायमचं छापलेलं. संशय यायचा कुठून?

तेव्हापासून माझी सवय : कन्स्ट्रक्टर आणि सेटर (प्रॉपर्टी भरणारी मेथड) दोन्हीत एकेक लॉगची ओळ टाकायची आणि फॉर्म दोनदा सबमिट करायचा. कन्स्ट्रक्टर दर वेळी बोलतोय आणि सेटर एकदाच बोलून गप्प झालाय, असं दिसलं की दुखणं सापडलं. सिरियलायझेबल लावूनही भागतं, पण मी स्टेटहोल्डरच लिहितो. काय जपायचं ते त्यात स्वतःच्या हातानं लिहावं लागतं, म्हणून डोकं जागं राहतं.

याच प्रकरणात एका उतावळ्या गड्यानं परस्पर 'उपाय' केला : एककाचं फील्ड स्टॅटिक करून टाकलं. चालू झालं की! त्याच्या लॅपटॉपवर. जिनिंगमध्ये एक जण क्विंटलच्या पानावर, दुसरा किलोच्या. स्टॅटिक फील्ड सगळ्यांना मिळून एकच, त्यामुळे शेवटी ज्यानं पान उघडलं त्याचं एकक सगळ्यांच्या गळ्यात. आधीची चूक निदान रोज सारखी व्हायची, ही मनाला येईल तेव्हा. एकक सेशनमध्ये (एका लॉगिनपुरत्या साठ्यात) ठेवणाऱ्यांनीही हसू नये, एकाच माणसानं दोन टॅब उघडले की तोच गोंधळ.

स्टेटहोल्डर लिहिताना सेव्हस्टेट या जपणाऱ्या मेथडमध्ये अ‍ॅरे ज्या क्रमानं भरला, रिस्टोअरस्टेट या परत आणणाऱ्या मेथडमध्ये त्याच क्रमानं उघडा. मध्येच नवं फील्ड घुसवू नका, शेवटी जोडा.

स्टेटहोल्डरच्याच इझट्रान्झियंट मेथडमधून ट्रू, म्हणजे 'मला जपू नका', परत करू नका, नाहीतर वरची सगळी मेहनत पाण्यात. कुठून तरी चिकटवलेल्या कोडात हे हमखास असतं.

पॅरामीटरवाला कन्स्ट्रक्टर लिहिलात तर रिकामा पब्लिक कन्स्ट्रक्टरही ठेवा.

कन्व्हर्टरच्या स्टेटमध्ये डेटाबेस कनेक्शन किंवा अख्खी यादी कोंबू नका. स्टेट क्लायंटकडे, म्हणजे ब्राउझरमध्ये, ठेवलं असेल तर ते ओझं हिडन फील्डमधून दर सबमिटला ये-जा करतं, आणि तालुक्याच्या नेटवर त्याचा हिशोब लगेच कळतो.

'आम्ही जेएसएफ २ वर आहोत, आम्हाला काय!' हेही ऐकतो. २००९ मध्ये आलेल्या २.० पासून पार्शल स्टेट सेव्हिंगमुळे (फक्त बदललेलं तेवढंच जपण्यामुळे) पान टॅगवरून पुन्हा बांधलं जातं, म्हणून टॅगमधली प्रॉपर्टी परत बसते आणि चूक झाकली जाते. कन्व्हर्टर टॅगऐवजी जावा कोडमधून लावून बघा, मग बोलू.

आणि तारीख एक दिवस मागे दिसते म्हणून स्टेटला दोष देऊ नका. जेएसएफच्या तारखेसाठीच्या तयार डेटटाइमकन्व्हर्टरचा डिफॉल्ट टाइमझोन जीएमटी आहे. आपली रात्रीची बारा म्हणजे तिथली आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा. टाइमझोन द्या, आणि मला रात्री फोन करू नका.