प्रथिनाचा क्रम लागत नाही? यंत्राला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

"सर, यंत्र बिघडलंय" असं कोणी म्हणालं की मी यंत्राकडे जात नाही, त्याची वही मागवतो. नमुन्याचं काय काय झालं ते तिथे लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल, तर तीच पहिली चूक.

प्रथिनातली ॲमिनो आम्लं एका टोकापासून एकेक करून ओळखायच्या एडमन पद्धतीचं रसायन तसं सरळ आहे. अल्कधर्मी माध्यमात पीआयटीसी (फिनाइल आयसोथायोसायनेट) हे रसायन प्रथिनाच्या मोकळ्या अमिनो टोकाला चिकटतं, निर्जल ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल तेवढं पहिलं ॲमिनो आम्ल तोडून देतं, मग त्याचं पीटीएच हे स्थिर रूप करून एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) ओळखायचं आणि पुढचं चक्र सुरू. पेर एडमन यांनी हे १९५० मध्ये मांडलं, १९६७ मध्ये त्याचं स्वयंचलित यंत्रही आलं. पण सगळी मदार 'मोकळ्या' या शब्दावर आहे. टोक बंद असेल तर पाटी कोरी.

निसर्ग बऱ्याच प्रथिनांची टोकं ॲसिटिल गटानं आधीच बंद करून ठेवतो, त्याला इलाज नाही. आपण स्वतः बंद करतो त्याचं मात्र वाईट वाटतं. आमच्याकडे एका मुलानं महिनाभर खपून प्रथिन शुद्ध केलं. पहिल्या चक्रात काही नाही, दुसऱ्यात नाही, पाचव्यातही नाही. पीआयटीसीची नवी बाटली उघडली, व्हॉल्व्ह धुतले. शेवटी मी बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन घातलं, क्रम आधीच ठाऊक असलेलं दुधातलं प्रथिन. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, थ्रिओनिन, अगदी पाठ केल्यासारखं आलं. म्हणजे यंत्र ठणठणीत. वहीत सापडलं: ८ मोलर युरिया, ५० अंश सेल्सिअस, रात्रभर. 'लवकर उलगडावं म्हणून' तापवलं होतं! युरियाच्या द्रावणात सायनेट तयार होतं, उष्णतेनं जास्तच, आणि ते अमिनो टोकावर जाऊन बसतं. मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन ४३ डाल्टनच्या पटीत वाढलेलं दिसलं. लायसिनही सुटले नव्हते, त्यामुळे तुकडे करायला घातलेलं ट्रिप्सिनही तिथे तोडेना. महिना पाण्यात.

तेव्हापासून युरिया त्याच दिवशी विरघळवायचा, सायनेटसारखे आयन टिपणाऱ्या मिश्र रेझिनमधून काढायचा आणि खोलीच्या तापमानावरच वापरायचा, हा माझा शिरस्ता. खरं तर प्रथिन उलगडायला मी युरियाऐवजी ग्वानिडिनच घेतो. महाग पडतं, पण झोप लागते. फक्त ते एसडीएस या साबणासारख्या रसायनाजवळ नेऊ नका, साका बसतो.

दुसरी खोड हावरेपणाची. दर चक्राला ९५ टक्के उतारा म्हणजे उत्तम वाटतं ना? तिसाव्या चक्राला हाती २१ टक्के उरतात. ९० टक्क्यांवर असाल तर चार. शिवाय जे रेणू एका चक्रात तुटायचे राहतात ते पुढच्या चक्रात मागून येतात, प्रोलिननंतर तर हमखास. नवखा माणूस प्रत्येक चक्रात सगळ्यात उंच पीक शोधतो आणि तेच लिहून मोकळा होतो. उंची बघायचीच नाही. मागच्या चक्रापेक्षा काय वाढलं आणि पुढच्यात काय उतरलं ते बघायचं. सेरिन आणि थ्रिओनिन मुळातच बुटके येतात, उंचीच्या शर्यतीत ते कधी जिंकणार? मी तीन चक्रांचे आलेख शेजारी ठेवून पेन्सिलनं वाचतो. संगणकानं सुचवलेला क्रम आधी पाहिला की डोळ्यांना तेच दिसायला लागतं, म्हणून तो शेवटी.

पहिल्या चक्रात ग्लायसिनचा डोंगर दिसला तर आनंदू नका, तो बहुधा जेलच्या बफरमधला आहे. ब्लॉट करताना, म्हणजे जेलमधलं प्रथिन पडद्यावर उतरवताना, ट्रिस-ग्लायसिनऐवजी कॅप्स हा बफर वापरा आणि पडदा भरपूर धुवा.

सिस्टिन (गंधकाच्या बंधानं जोडलेली ॲमिनो आम्लांची जोडी) तसाच ठेवला तर त्या चक्रात रिकामी जागा येते. आधी क्षपणानं तो बंध तोडून आयोडोॲसिटामाइड किंवा व्हिनाइलपिरिडिन लावा. इन्सुलिनचा क्रम शोधणाऱ्या फ्रेडरिक सँगर यांनी त्याच्या साखळ्या परफॉर्मिक आम्लानं सोडवल्या हे वाचून कोणी ना कोणी तेच करायला जातो. ते आम्ल ट्रिप्टोफॅनची वाट लावतं. इन्सुलिनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही, म्हणून त्यांचं निभावलं.

प्रथिनाचे तुकडे करायला वापरतात ते विषारी सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनिननंतर तोडतं, पण पुढे सेरिन किंवा थ्रिओनिन असेल तर अर्धवट. आणि त्याची बाटली हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) उघडणाऱ्याला मी दाराबाहेर काढतो, तो कितीही घाईत असो.