सँडिया फ्लेम डी चालवताय? या चुका टाळा

टर्ब्युलंट ज्वलनाचं सिम्युलेशन शिकणारे बरेच जण कधी ना कधी सँडिया फ्लेम डीपाशी येऊन पोचतात. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या सँडिया प्रयोगशाळेत बार्लो आणि फ्रँक यांनी मोजलेली ही मिथेनची ज्योत. ७.२ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून ४९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने मिश्रण सुटतं, भोवती पायलट, म्हणजे ज्योत पेटती ठेवणारा गरम वायूचा झोत, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळता आहे त्याचं माप) सुमारे २२,४००. मोजमापं सगळ्यांना खुली आहेत, त्यामुळे उत्तर चुकलं हे लगेच कळतं. कुठे चुकलं ते कळत नाही, आणि मग पहिला संशय केमिस्ट्रीवर जातो. मी पाहिलेल्या केसेसमध्ये दोष बहुतेक वेळा इनलेटवर, म्हणजे आत येणाऱ्या प्रवाहाला दिलेल्या आकड्यांत, किंवा मिसळण्यात निघाला आहे.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक अगदी साधी आहे. जेटमध्ये, म्हणजे नळीतून सुटणाऱ्या झोतात, २५ टक्के मिथेन, ७५ टक्के हवा, हे प्रमाण आकारमानाचं. बहुतेक सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारे प्रोग्रॅम) वस्तुमानाचं प्रमाण मागतात. रेणुभार घेऊन कागदावर करून पाहा: ०.२५ × १६ म्हणजे ४, ०.७५ × २८.८५ म्हणजे सुमारे २१.६, मिथेनचा वाटा ४ भागिले २५.६, म्हणजे ०.१५६. तिथे ०.२५ भरलं तर इंधन दीडपटीहून जास्त जातं. सॉल्व्हर तक्रार करत नाही, रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) छान खाली येतात, आणि ज्योत भलतीच लांब होते. ओळखायची खूण म्हणजे स्टॉइकिओमेट्रिक मिक्श्चर फ्रॅक्शन: इंधन आणि ऑक्सिजन एकमेकांना नेमके पुरतात त्या ठिकाणी जेटमधून आलेल्या वस्तुमानाचा वाटा. ते ०.३५१ यायला हवं. या चुकीने ०.२२ च्या आसपास येतं.

दुसरी अडचण पायलटची. "सर, ज्योत लागतच नाही," असं म्हणत एका विद्यार्थ्याने केस दाखवली. पायलट म्हणजे छोटी ज्योतच, ती आपली आपण पेटेल, असं धरून त्याने तिथे थंड मिथेन-हवा भरली होती. आधी एडी डिसिपेशन मॉडेलवर हीच केस पेटत होती, कारण ते मॉडेल तापमान विचारतच नाही. इंधन आणि ऑक्सिजन मिसळले की जाळतं. खरी केमिस्ट्री लावली तेव्हा पेटवणारं कोणीच उरलं नाही. पायलटला १८८० केल्विनचा जळून झालेला वायू द्या: वस्तुमानाने कार्बन डायऑक्साइड सुमारे ११ टक्के, पाण्याची वाफ ९.४, ऑक्सिजन पाचाच्या जरा वर, बाकी नायट्रोजन.

आता मुख्य गोष्ट. सरासरी तापमान थेट अ‍ॅऱ्हेनियसच्या सूत्रात (तापमानावरून अभिक्रियेचा वेग देणाऱ्या) घालू नका. एका बिंदूवर अर्धा वेळ ३०० आणि अर्धा वेळ २००० केल्विन असेल तर सरासरी ११५० येते. सक्रियण तापमान १५,००० केल्विन धरा. ११५० वर घातांकी पद सुमारे २.२ × १०⁻⁶ येतं. दोन्ही अवस्थांची खरी सरासरी २.८ × १०⁻⁴. जवळजवळ सव्वाशे पट फरक! त्या बिंदूवर ११५० केल्विन कधी नसतंच. म्हणून तर फ्लेमलेट, ईडीसी, पीडीएफ अशी, हे चढउतार हिशोबात घेणारी मॉडेल्स लागतात. मेश बारीक करत नेली तरी आरएएनएसमध्ये, म्हणजे फक्त सरासरी प्रवाह सोडवणाऱ्या पद्धतीत, ही तूट भरून येत नाही, कारण चढउतार मेशवर उतरलेलेच नसतात.

के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्सचं मॉडेल वापरत असाल तर गोल जेट प्रमाणाबाहेर पसरतो. पहिला एप्सिलॉन स्थिरांक १.४४ वरून १.६ करतात तो यासाठी. ही दुरुस्ती गोल जेटपुरती. भट्टीच्या केसमध्ये तशीच उचलून नेऊ नका.

तपासताना अक्षावरचं मिक्श्चर फ्रॅक्शन आधी जुळवा, तापमान नंतर. मिसळणंच चुकलं असेल तर ५३ घटक आणि ३२५ अभिक्रियांची जीआरआय ३.० ही मिथेन ज्वलनाची केमिस्ट्री लावून फक्त मशीन तापेल. ते जुळूनही तापमान चढं राहिलं, तर विशिष्ट उष्णता स्थिर ठेवली आहे का आणि रेडिएशन बंद आहे का, ते बघा. डी नीट बसल्यावरच याच मालिकेतल्या फ्लेम एफकडे वळा: तिथे रेनॉल्ड्स नंबर ४४,८०० आहे, ज्योत जागोजागी विझते, आणि स्थिर फ्लेमलेटला ते विझणं पकडता येत नाही.