टेलिग्राम बॉट ग्रुपमध्ये गप्प का बसतो?

बॉटफादरकडून (टेलिग्रामवर नवे बॉट बनवून देणारा अधिकृत बॉट) टोकन म्हणजे बॉटची गुप्त किल्ली घेतली, पायथनची स्क्रिप्ट चालू केली. खासगी चॅटमध्ये बॉट पोपटासारखा बोलतो, ग्रुपमध्ये मात्र ढिम्म. कोड उसवत बसू नका. टेलिग्रामचा प्रायव्हसी मोड मुळातच चालू असतो. त्यामुळे ग्रुपमधल्या स्लॅशवाल्या कमांड आणि बॉटला दिलेले रिप्लाय सोडले, तर साधे मेसेज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. ‘वर्गणी’ असा नुसता शब्द पकडणारी स्क्रिप्ट असेल, तर बॉटफादरला ‘/सेटप्रायव्हसी’ कमांड (इंग्रजी अक्षरांत) देऊन मोड बंद करा. मग बॉटला ग्रुपमधून काढून परत घ्या. नेमकं हेच राहून जातं. ॲडमिन केलं तरी त्याला सगळं दिसतं, पण एवढ्यासाठी उगाच अधिकार कशाला द्यायचे? आणि पोलिंगवर, म्हणजे टेलिग्रामला सतत ‘नवीन मेसेज आला का?’ विचारत चालणारी तीच स्क्रिप्ट लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्हीकडे एकदम चालवलीत, तर दोन्हींची टक्कर होऊन ४०९ एरर ठरलेली.